सासूबाईंचं दूध आणि तुमची सुरमई

ऐरोलीहून आलेलं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"आमचा फ्रिज 2008 सालचा, सिंगल डोअर. वरच्या खणात बर्फाचा डोंगर होतो आणि खाली पालेभाजी दोन दिवसांत सडते. टू बीएचकेत आम्ही पाच जण. पंधरवड्यातून एकदा दिवाळे गावच्या बाजारातून एकदम मासळी आणतो. थंडीत तुर्भ्याच्या मार्केटमधून मटार आणायचा, मेमध्ये माहेरहून, देवगडहून दोन पेट्या आंबा येतो, त्याचा रस काढून ठेवायचा. सासूबाई सोमवार, गुरुवार, चतुर्थी पाळतात आणि श्रावण तर घरात सगळेच. दुधाला मासळीचा वास येतो म्हणून त्यांची रोज कुरकुर. वाशीच्या दुकानदाराने साइड बाय साइड दाखवला, 72 हजारांचा. आमचे हे म्हणतात, 34 हजारांचा डबल डोअर घेऊ आणि 17 हजारांचा छोटा डीप फ्रीझर बाल्कनीत ठेवू. जाऊबाई म्हणतात, जुनाच मासळीला ठेव आणि नवा एक घे. किचनमध्ये फ्रिजची जागा 28 इंच. उन्हाळ्यात बिल 280 युनिटांपर्यंत जातं. सगळे आपापलं सांगतात, निस्तरायचं मला. काय करू? ता. क. जुना फ्रिज आमच्या कामाच्या मावशी मागतायत. देऊ का?"

ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून टाकली आहे: 28 इंच. साइड बाय साइड फ्रिज साधारण 36 इंच रुंद असतो. म्हणजे तो किचनमध्ये जाणारच नाही, हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला उभा राहील. काहींना तो दिमाख आवडतो, त्याला माझी ना नाही. पण आलं-कोथिंबीर, ताक, कालची आमटी काढायला दिवसातून पन्नास वेळा हॉलमध्ये खेप कोण घालणार, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. साडेपाचशे-सहाशे लिटर हा आकडाही ऐकायला जेवढा मोठा वाटतो तेवढा हाताला लागत नाही. त्यातला फ्रीझर एका अंगाला, उभा आणि अरुंद. पसरट डबा आडवा बसत नाही, मोठं पातेलं तर विसराच. दुकानात दार उघडलं की दिवे लागतात आणि सगळं भव्य दिसतं. पुढच्या वेळी घरातली परात आणि इडलीच्या पिठाचं पातेलं सोबत न्या, दुकानदार काय म्हणायचं ते म्हणू दे.

तेव्हा 72 हजारांचा विषय इथेच मिटवू.

आता सासूबाईंची कुरकुर. ती सोवळ्याओवळ्याची म्हणून बाजूला सारू नका, तिच्यामागे यंत्राचं कारण आहे. तुमच्या सिंगल डोअरमध्ये वरचा खण एका प्लास्टिकच्या झडपेआड असतो. बर्फ वाढला की ती झडप धड लागत नाही, आणि मग मासळी आणि दूध एकाच खोलीत राहतात. पण नवा डबल डोअर आणला की वास आपोआप जाईल असंही समजू नका. साध्या फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप घालवणाऱ्या फ्रिजमध्ये थंडावा देणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या पाठीमागे दडवलेली. पंखा तिच्यावरून हवा फिरवतो, त्यातली थोडी हवा एका नळीतून खालच्या कप्प्यात सोडली जाते आणि फिरून पुन्हा वर येते. दारं दोन, हवा एकच. वर कागदात गुंडाळलेला बांगडा असेल तर खालच्या दुधाला, लोण्याला, सायीला त्याचा पत्ता लागतोच. स्निग्ध पदार्थ वास पटकन धरतात. बर्फाच्या खड्यांनाही तो लागतो, हे तुम्ही सरबतात अनुभवलं असेल.

यावर दोन उपाय. एक, दोन्ही कप्प्यांना वेगळी कॉइल असलेला फ्रिज. कंपन्यांनी त्याला नाना नावं दिली आहेत, तुम्ही सरळ विचारा, "फ्रीझरला आणि खालच्या कप्प्याला वेगवेगळ्या कॉइल आहेत का?" असा फ्रिज महाग पडतो. दुसरा उपाय तुमच्या यजमानांनी सुचवलेला: मासळीचं बिऱ्हाडच वेगळं करायचं.

माझं मत सांगते. तुमच्या ह्यांचं बरोबर आहे, बाल्कनी सोडून.

डीप फ्रीझर घ्या म्हणून मी प्रत्येकाला सांगत नाही. चार जणांचं घर, आठवड्याला अर्धा किलो चिकन, आइस्क्रीमचा एक डबा आणि मटाराची एक पिशवी, एवढ्यासाठी वेगळं यंत्र म्हणजे उगाच पसारा. अडीचशे-तीनशे लिटरच्या डबल डोअरचा वरचा कप्पा त्यांना पुरून उरतो. पण तुमचं वर्ष बघा. जानेवारी-फेब्रुवारीत मटार स्वस्त, तेव्हा दहा किलो शेंगा सोलल्या तर निम्म्याहून थोडे कमी दाणे हाती लागतात. मेमध्ये आंबा: पाच डझनांच्या पेटीचा सात-आठ लिटर रस निघतो, दोन पेट्यांचा पंधरा लिटर. मग आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची बेगमी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद, बाजारात येते ती बर्फातली किंवा बाहेरगावची मासळी आणि भाव आभाळाला भिडलेले. ज्या घरात ही तिन्ही कामं होतात, त्या घरात वेगळा फ्रीझर शोभेला राहत नाही.

आणि श्रावण पाळतो असं तुम्ही लिहिलंत, त्यातच तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. बंदीचे दोन महिने म्हणतो खरं, पण तुमच्या घरी मासळी लागते ती जूनपासून आषाढ अमावास्येपर्यंत, म्हणजे गटारीपर्यंत. गटारीला फ्रीझरचा तळ दिसला पाहिजे. मटार तोवर संपलेला असतो. राहतो तो दसऱ्याच्या आम्रखंडासाठी ठेवलेला दोन-तीन लिटर रस. तो उचलून डबल डोअरच्या फ्रीझरमध्ये टाका, आणि डीप फ्रीझरचं बटण बंद करा. बर्फ वितळू द्या, तळाचं बूच काढून पाणी जाऊ द्या, कोमट पाण्यात खायचा सोडा टाकून आतून पुसा, कोरडा करा आणि झाकणात लाकडी पट्टी अडकवून ते बोटभर उघडं ठेवा. झाकण घट्ट बंद करून ठेवलात तर आपल्याकडच्या दमट हवेत आठ दिवसांत आत बुरशी धरते. मग श्रावण, गणपती, नवरात्र, दिवाळी, थेट मटार येईपर्यंत ते यंत्र एक युनिटही खाणार नाही. साइड बाय साइडसारख्या एकत्र फ्रिजमध्ये ही सोय नाही. त्याचा सहाशे लिटरचा संसार तुम्ही भरा नाहीतर रिकामा ठेवा, बारा महिने चालतोच.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. एकत्र फ्रिजमध्ये बहुधा कंप्रेसर एकच असतो. तो बसला की दूध, भाजी, मासळी, रस, सगळं एका संध्याकाळी रस्त्यावर. ऐन मे महिन्यात मेकॅनिक "परवा येतो" म्हणतो तेव्हा दुसरं यंत्र घरात असणं काय असतं, ते ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारावं.

मासळी साठवायला पेटीसारखा, वरून उघडणारा फ्रीझर चांगला, याचंही साधं कारण आहे. थंड हवा जड असते. झाकण वर उचललं तरी ती तळाशी बसून राहते. उभ्या फ्रीझरचं दार उघडलं की ती पायावर ओतली जाते. दुसरं म्हणजे फ्रॉस्ट फ्री यंत्रात कॉइलवरचा बर्फ घालवायला आत हीटर असतो. तो ठरावीक वेळाने चालू होतो, वितळलेलं पाणी मागच्या ट्रेमध्ये जातं, आपल्याला बर्फ खरवडायला लागत नाही. सोय मोठी आहे. पण तेवढ्यापुरती आतली हवा जरा तापते आणि पंख्याची कोरडी हवा उघड्या पदार्थातला ओलावा ओढत राहते. महिनाभर नीट न झाकता ठेवलेल्या सुरमईच्या तुकडीला कडेने पांढरट, सुकट डाग पडलेले तुम्ही पाहिले असतील. ती मासळी खराब झालेली नसते, पण तळली की चोथा लागते. साध्या डीप फ्रीझरमध्ये हीटर नाही, पंखा नाही, कॉइल चारी भिंतींच्या आत. मासळी तिथे जास्त सुखी राहते. त्याची किंमत म्हणून बर्फ मात्र तुम्हाला काढावा लागतो. थर पाव इंचाचा झाला की यंत्र बंद करून काढायचा, सुरी किंवा स्क्रू ड्रायव्हर लावून अजिबात नाही. भिंतीत नळी असते, तिला भोक पडलं की गॅस गेला आणि सतरा हजारही गेले.

तोटाही सांगते. पेटीत तळाशी गेलेली वस्तू नजरेआड होते. दोन वर्षांपूर्वीची कसलीशी काळपट पिशवी प्रत्येक डीप फ्रीझरच्या तळाशी असते आणि ती कुणाची, कुणालाच आठवत नाही. झाकणावर कागद चिकटवा, काय ठेवलं आणि कधी ते लिहा, काढलं की खोडा. पिशवीवरही तारीख टाका. वाकून काढायचं असल्यामुळे सासूबाईंचं त्यात काही ठेवू नका. त्यांचं सगळं डबल डोअरमध्ये. त्यांचे गुडघे दुखत असतील तर फ्रीझर खाली आणि फ्रिज वर असलेलं मॉडेलही बघून घ्या. थोडं महाग पडतं, पण दूध-दही हाताच्या उंचीवर येतं.

किती लिटरचा? शंभर. दुकानदार दोनशेचा दाखवेल आणि "थोड्याच पैशांत डबल" म्हणेल. शंभर लिटरमध्ये चपट्या पिशव्या रचून तीसेक किलो माल आरामात बसतो. तुमचा रस पंधरा लिटर, मटार चार-पाच किलो, मासळी आठ-दहा किलो, खोवलेला नारळ. तोही सगळा एका वेळी नाही. दोनशे लिटरचा घेतलात तर तो भरायचा म्हणून तुम्ही मासळी आणाल. शिवाय आगोटीसाठी सगळंच गोठवायला हवं असं कुठे आहे? सुकट, जवळा, सोडे, सुके बोंबील हवाबंद डब्यात ठेवले की पावसाळ्याची निम्मी ददात तिथेच मिटते. आपल्या आज्यांनी फ्रीझरशिवाय जून-जुलै काढलेच की.

आता बाल्कनी. नको. एक तर दुपारचं ऊन. यंत्र आतली उष्णता बाहेर टाकत असतं. बाहेरच चाळीस अंश असेल तर कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही. दुसरं, पावसाची झड आणि खाडीवरची खारी, ओली हवा. ऐरोलीत खिडकीच्या ग्रिलचं चार पावसाळ्यांत काय होतं ते बघा, फ्रीझरचा पत्रा त्याहून पातळ असतो. तिसरं आणि सगळ्यात गंभीर, वीज. बाल्कनीत अर्थिंगसह वेगळा पॉइंट बहुधा नसतो, मग वॉशिंग मशीनच्या बोर्डातून एक्स्टेन्शन ओढली जाते, आणि ओल्या फरशीवर उभं राहून आपण त्या झाकणाला हात लावतो. शंभर लिटरचा फ्रीझर जेमतेम दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि तीन फुटांच्या आत उंच असतो. पॅसेजमध्ये, हॉलमध्ये चपलांच्या कपाटाशेजारी किंवा दुसऱ्या बेडरूमच्या कोपऱ्यात बसेल. भिंतीपासून चार बोटं सोडा आणि थेट भिंतीतल्या पॉइंटला जोडा. घरी आल्यावर टेम्पोतून उतरवून लगेच चालू करू नका, चार-पाच तास सरळ उभा राहू द्या. आवाज येतो, तेव्हा झोपायच्या खोलीत उशाशी नको. वर टेबलक्लॉथ, फुलदाणी आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा हा आपला राष्ट्रीय छंद आहे. तो इथे आवरा, झाकण उघडायचंय.

घरात खरोखरच जागा नसेल, हे मोजपट्टीने मोजल्यावरच म्हणायचं, तर मग डीप फ्रीझरचा नाद सोडा आणि दोन कॉइलचा डबल डोअर घ्या. बाल्कनीतल्या फ्रीझरपेक्षा तो केव्हाही बरा.

बिलाची धास्ती तुम्ही घेतली आहे, ती थोडी कमी करते. महावितरणच्या घरगुती बिलात 100, 300 आणि 500 युनिटांचे टप्पे आहेत. 300 ओलांडले की सगळेच युनिट महाग होतात असा समज सोसायटीच्या गप्पांत पक्का बसलेला असतो, तो चुकीचा आहे. वरचा दर वरच्याच युनिटांना लागतो. समजा फ्रीझरने दिवसाला एक युनिट खाल्लं, तर महिन्याचे तीस. 280 चे झाले 310, त्यातले शेवटचे दहाच पुढच्या टप्प्यात. शिवाय तुमचा जुना फ्रिज आज किती खातो याचा हिशोब कुणी केलाय? दाराचं रबर सैल पडलं की आत दमट हवा शिरते, तिचा बर्फ होतो, बर्फामुळे थंडावा खाली पोचत नाही आणि कंप्रेसर रात्रंदिवस चालतो. तुमची पालेभाजी सडते ती त्यामुळेच. तो फ्रिज घेतला तेव्हा स्टार लेबल सक्तीचंही नव्हतं. आता फ्रॉस्ट फ्रीवर लेबल असतंच. तारे मोजण्यापेक्षा त्यावरचा वर्षाला किती युनिट हा आकडा वाचा, आणि लेबल कोणत्या वर्षांसाठीचं आहे तेही. निकष अधूनमधून कडक होतात, जुन्या लेबलवरचे पाच तारे नव्या हिशोबात कमी भरतात. डीप फ्रीझरसाठीही 2020 पासून स्टार लेबल सुरू झालं आहे. ज्यावर नसेल त्याच्या माहितीपत्रकात चोवीस तासांची वीज लिहिलेली असते, ती विचारा.

डबल डोअर घेताना 28 इंचात 24 इंचांचा बघा, चोवीसच्या वर जाऊ नका. हल्लीच्या फ्रिजना मागे जाळी दिसत नाही, गरम नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. दोन्ही अंगांना मोकळी जागा हवीच. पहिल्याच दिवशी "बाजू गरम लागते" म्हणून कंपनीला फोन करू नका, ती लागायचीच. फ्रीझरचा फ्रिज करून देणारी कन्व्हर्टिबल मॉडेलं तुम्हाला दाखवतील. सणासुदीला पाहुणे आले की उपयोग होतो, पण तेवढे दिवस फ्रीझर नसतो, हे लक्षात घ्या. तुमच्याकडे वेगळा फ्रीझर असणार म्हणून तुम्हाला ते चालेल. इतरांनी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. वॉरंटी दोन्ही यंत्रांची वेगवेगळी विचारा. कंप्रेसरची दहा वर्षं मोठ्या अक्षरात असतात, बाकी सगळ्याचं एक वर्ष बारीक अक्षरात. आणि डीप फ्रीझरचा माणूस घरी येऊन दुरुस्ती करतो का, हेही. ही यंत्रं मूळची दुकानदारांसाठीची, काही ठिकाणी घरगुती ग्राहकाला कुणी दाद देत नाही.

मासळीचं थोडं सविस्तर सांगते, कारण यंत्र कितीही चांगलं घेतलं तरी दिवाळ्याहून आणलेली पिशवी तशीच आत कोंबली तर पैसे पाण्यात. घरी आल्यावर साफ करा, धुवा, आणि मग कोरड्या फडक्याने टिपून घ्या. ही टिपायची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि मग तुकड्या एकमेकींना चिकटून दगड होतात. एका जेवणाला लागेल तेवढीच एका पिशवीत, एका थरात, हवा दाबून काढून. पिशवीवर दुसरी पिशवी. कोळंबी सोलून डब्यात घाला, बुडेल इतकं पाणी ओता आणि तशीच गोठवा. पाण्याच्या कवचात ती सुकत नाही, काढाल तेव्हा टवटवीत लागते. ओले बोंबील गोठवू नका. त्यांच्या अंगात पाणीच पाणी, सुटले की लगदा होतो. बांगडा, तारली अशी तेलकट मासळी दोन-तीन महिन्यांत संपवा. पापलेट, कोळंबी पाच-सहा महिने निभावतात. आठ किलो मासळी एकाच रात्री आत टाकू नका. उणे अठरा अंशांवर टिकवणं वेगळं आणि तिथवर नेणं वेगळं. नवा माल दोन-तीन किलो करून भिंतींना लावून ठेवा, आधीचा मधे सरकवा. सोडवायची ती आदल्या रात्री खालच्या फ्रिजमध्ये, बंद डब्यात. दुपारभर ओट्यावर नाही. एकदा सुटलेली परत गोठवायची नाही.

रसाचंही तसंच: अर्ध्या-अर्ध्या लिटरच्या पिशव्या, चपट्या करून, फुगायला थोडी जागा सोडून. मटार उकळत्या पाण्यात दीड-दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात, निथळून, टिपून. तुम्हाला हे येतच असणार.

दिवसभर वीज जाणार असल्याचा महावितरणचा मेसेज आला की घाबरून माल इकडेतिकडे हलवू नका. भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस. खालचा फ्रिज मात्र चार तासच. म्हणून आधी दुधाची सोय बघा, मासळी आपली आपण राहील. मेमध्ये चार दिवस माहेरी जाल तेव्हा जाण्यापूर्वी एका वाटीत पाणी गोठवून त्या बर्फावर रुपयाचं नाणं ठेवा आणि वाटी फ्रीझरमध्येच राहू द्या. परत आल्यावर नाणं वर असेल तर काळजी नाही. तळाशी गेलेलं दिसलं तर तुमच्या पाठीमागे वीज जाऊन सगळं सुटलं आणि पुन्हा गोठलं, असं समजा. आतली मासळी कितीही घट्ट दिसली तरी टाकून द्या.

जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा, पण जुना फ्रिज मासळीला ठेवायची कल्पना मला पटत नाही. सिंगल डोअरच्या वरच्या खणात उणे अठरा येत नाही. बर्फ धरतो म्हणून आपल्याला वाटतं की खूप थंड आहे. तिथे मासळी आठवडा काढेल, आगोटी नाही.

राहता राहिला मावशींचा प्रश्न. द्यायला हरकत नाही, पण आधी दाराचं रबर तपासा. दारात वर्तमानपत्राचा कागद अडकवून दार लावा आणि कागद ओढा. चारी बाजूंनी अडखळत निघाला तर रबर ठीक. सुळकन सुटला तर नवं रबर तुम्ही बसवून द्या. कंप्रेसरच्या खर्चाच्या मानाने तो किरकोळ आहे, आणि तो फ्रिज किती वीज खातो ते बिल मावशींना भरायचंय, हे त्यांना आधी स्पष्ट सांगा. मेकॅनिकला वायर आणि अर्थिंगही पाहू द्या, पत्र्याला शॉक लागतो असा फ्रिज कुणाला देऊ नये. कंप्रेसरच गेलेला निघाला तर मात्र दारावरच्या भंगारवाल्याला घालू नका. तो तांब्यासाठी नळी तोडतो आणि आतला गॅस हवेत सुटतो. नवा घेताना एक्स्चेंजमध्ये द्या, किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात. एक्स्चेंजला दुकानदार चार आकडी रक्कम काढेल, त्यात मावशींना नवा मिक्सर येतो, हेही त्यांना विचारून बघा.